नवं विमान आणि आपला नंबर: नव्या टाइपसाठी बिड भरण्याआधी करायचा हिशेब

कंपनीत नवं विमान येणार अशी घोषणा झाली की क्रू रूममध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो: "माझा नंबर लागेल का?" हा प्रश्न अर्धाच आहे. नंबर लागला तर त्या विमानाच्या यादीत मी कितवा असेन, आणि पुढची किती वर्षं मला तिथून हलता येणार नाही, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. तो न विचारता बिड, म्हणजे हव्या त्या जागेसाठीचा पसंती-अर्ज, भरलेले हुशार वैमानिक मी पाहिलेत. विमान त्यांना मनासारखं मिळालं, पण महिन्याच्या रोस्टरवरचा (ड्युटीच्या वेळापत्रकावरचा) ताबा हातून गेला. म्हणून हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाबद्दल जास्त आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सीनियॉरिटीवर, म्हणजे नोकरीतल्या ज्येष्ठतेवर, चालणारं बिडिंग जगात सगळीकडे नाही. कित्येक कंपन्यांत कोणी कुठल्या विमानावर जायचं हे व्यवस्थापन ठरवतं. तिथे तास, मूल्यमापन आणि कंपनीची गरज बघितली जाते. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मात्र युनियनशी झालेल्या करारानुसार जवळपास सगळं सीनियॉरिटीवर ठरतं. इतर देशांतल्या काही जुन्या कंपन्यांतही कमीअधिक फरकाने तसंच आहे. पुढचं सगळं अशा कंपन्यांना लागू होतं.

नंबर एक नाही, दोन

रुजू झाल्याच्या तारखेवरून कंपनीच्या मुख्य यादीत तुम्हाला एक नंबर मिळतो. एकाच बॅचमधल्यांचा क्रम काही ठिकाणी वयावरून लागतो, मोठा तो वर. काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात. नंतर हा क्रम बदलत नाही. वरचे निवृत्त होतात, नोकरी सोडतात, तसतसे तुम्ही वर सरकता. कौशल्य, आधीच्या कंपनीतले तास, चीफ पायलटचं तुमच्याबद्दलचं मत, यांतलं काहीच या यादीत मोजलं जात नाही. कंपनी बदलली की नव्या जागी पुन्हा तळापासून सुरुवात, मग आधी वीस वर्षं कॅप्टन असलात तरी.

पण रोजचं आयुष्य ठरतं ते दुसऱ्या नंबरावर: तुमचा बेस (ज्या शहरातून तुमची ड्युटी सुरू होते), तुमचं विमान आणि तुमची सीट (कॅप्टनची की फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची) या तिन्ही गोष्टी समान असलेल्या लोकांत तुम्ही कितवे. सुट्ट्या, रजेचे आठवडे, चांगल्या फ्लाइट्स, रिझर्व्हवर (बोलावणं येईल म्हणून तयारीत) बसायचं की पक्की लाइन (महिन्याच्या ठरलेल्या फ्लाइट्स) मिळणार, हे सगळं या छोट्या यादीतल्या जागेवर अवलंबून असतं. मुख्य यादीतला नंबर तोच राहतो आणि विमान बदललं की हा दुसरा नंबर एका रात्रीत पार बदलतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा कंपनीत २,४०० वैमानिक आहेत आणि तुमचा नंबर १,३८०. आज तुम्ही छोट्या विमानावर फर्स्ट ऑफिसर आहात. तुमच्या बेसवर त्या सीटवर ३०० जण आहेत आणि त्यांत तुम्ही ४२वे, म्हणजे वरच्या १४ टक्क्यांत. मागाल ती सुट्टी बहुतेक वेळा मिळते. आता मोठं, लांब पल्ल्याचं नवं विमान येतंय आणि पहिल्या बिडमध्ये फर्स्ट ऑफिसरच्या ४० जागा आहेत.

पहिली पायरी: बिडची सूचना ओळीओळीने वाचा

सूचनेत साधारण इतकं असतं: कुठला बेस, कुठली सीट, किती जागा, बिड बंद होण्याची वेळ, आणि नव्या जागेवर कधीपासून. बंद होण्याची वेळ कुठल्या टाइमझोनमधली आहे तेही बघा. समुद्रापार हॉटेलात असताना लोकांच्या बिडा यापायी हुकल्यात.

त्यानंतर कराराची प्रत काढा आणि चार गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट सीट लॉक. नवा टाइप, म्हणजे वेगळं प्रशिक्षण लागणारा विमानाचा प्रकार, शिकवायला कंपनीचा मोठा खर्च होतो, शिवाय तुम्ही कित्येक आठवडे उडत नाही. म्हणून प्रशिक्षणानंतर ठरावीक काळ दुसऱ्या विमानासाठी बिड करता येत नाही. हा काळ करारागणिक वेगळा, बहुधा एक-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. तो कुठल्या दिवसापासून मोजतात हे तितकंच महत्त्वाचं आहे: निकालाच्या तारखेपासून, प्रशिक्षण सुरू झाल्यापासून, की चाचणी पार केल्यापासून? प्रशिक्षणाची रांग लांबली तर या एका वाक्याने तुमचं वर्ष इकडचं तिकडे होतं. लॉकला अपवाद कोणते तेही पाहा. बहुतेकदा फर्स्ट ऑफिसरवरून कॅप्टन होण्यासाठी लॉक सुटतो, पण नेहमीच नाही.

दुसरी, बायपास पे. जागा तुम्हाला मिळाली, पण कंपनीने सोयीसाठी तुमच्यापेक्षा ज्युनियर माणसाला आधी प्रशिक्षणाला पाठवलं, तर त्या दिवसापासून तुम्हाला नव्या जागेचा दर मिळतो का? चांगल्या करारात मिळतो. हे कलम नव्या विमानाच्या वेळी फार कामाला येतं, कारण सुरुवातीला सिम्युलेटर आणि प्रशिक्षक दोन्ही अपुरे असतात.

तिसरी, विमानं उशिरा आली किंवा ऑर्डर कमी झाली तर काय. निकाल रद्द होतो, की तुम्ही जुन्याच जागेवर वाट बघत राहता? आणि तेवढ्यात जुनी जागा दुसऱ्याला दिलेली असली तर?

चौथी, प्रशिक्षणात नापास झालात तर परत जाण्याचा हक्क. हे वाचायला कोणालाच आवडत नाही, तरी वाचाच.

दुसरी पायरी: हा खरंच नवा टाइप आहे का?

नवं विमान आणि नवा टाइप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ए३१९, ए३२० आणि ए३२१ ही सगळी एकाच टाइप रेटिंगवर (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीवर) उडवता येतात. बोइंग ७५७ आणि ७६७ ही दिसायला वेगळी असली तरी त्यांचं रेटिंग समान आहे. ए३३० आणि ए३५० यांनाही समान रेटिंगची मान्यता आहे. अशा वेळी पूर्ण कोर्सऐवजी फरकाचं प्रशिक्षण पुरतं.

पण नियामकाने समान मानलं म्हणून करारातही ते एकच धरलं असेल असं नाही. काही कंपन्या अशी दोन विमानं एकाच बिड-गटात ठेवतात, काही वेगळी. एकाच गटात असतील तर तुम्हाला बिड करायचीच गरज नाही, विमान आपोआप तुमच्याकडे येतं. लॉकही लागत नाही. वेगळ्या गटात असतील तर पुढचा सगळा हिशेब करावा लागतो.

तिसरी पायरी: मागचे निकाल उघडून बसा

मागच्या तीन-चार बिडांचे निकाल काढा आणि प्रत्येक विमान, बेस व सीट यांची शेवटची जागा कितव्या नंबरला गेली ते लिहून काढा. निकालाचं पान रुक्ष दिसतं: एका रांगेत नंबर, पुढे जुनी जागा, मग नवी जागा, मग पसंती क्रमांक कितवा होता ते. पण शेवटच्या रकान्यात खूप काही लपलेलं असतं. शेवटच्या जागा मिळालेल्यांची ती पहिली पसंती असेल तर विमानाला मागणी आहे. चौथी-पाचवी पसंती दिसायला लागली तर वरच्यांनी ते टाळलंय.

सगळे धरून चालतात की नव्या, मोठ्या विमानाच्या जागा सीनियर लोक पटकावणार. मोठ्या विमानाचा तासाचा दर बहुतेक करारांत जास्त असतो, त्यामुळे ते बरोबरही ठरतं. पण पहिल्या बिडमध्ये कधीकधी उलटंच घडतं. वरच्या नंबरांना आपल्या विमानावर, आपल्या बेसवर मनासारखं रोस्टर मिळत असतं. नव्या विमानाचे मार्ग ठरलेले नसतात, बेस गैरसोयीचा असू शकतो, आणि बत्तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला सिम्युलेटरमध्ये पुन्हा पाटी गिरवायची हौस नसते. मग जागा अपेक्षेपेक्षा बऱ्याच खाली उतरते आणि कालपर्यंत ज्याला कोणी विचारत नव्हतं असा नंबर आत जातो. यूपीएससारख्या कंपनीत सगळ्या विमानांना एकच दर आहे. तिथे पैशाचं आकर्षण नसल्यामुळे निवड मार्ग, बेस आणि झोपेच्या वेळा बघूनच होते.

आपल्या उदाहरणात समजा शेवटची जागा १,४२२ नंबरला गेली. तुम्ही १,३८०, म्हणजे तुमचं नाव यादीत आहे. ४० जणांत ३८वे.

चौथी पायरी: दोन वर्षांनंतर कितवे असाल?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. "आत्ता तळाला असलो तरी ताफा वाढेल, खाली लोक येतील, मी आपोआप वर जाईन." ऐकायला पटण्यासारखं आहे. पण विमानावर आधी आल्याचा कसलाही हक्क नसतो. छोटी यादीसुद्धा कंपनीच्या नंबरानेच लागते. पहिल्या बिडमध्ये कचरणारे सीनियर लोक दुसऱ्या-तिसऱ्या बिडमध्ये येतात, कारण तोवर मार्ग कळलेले असतात, विमानाच्या सुरुवातीच्या तक्रारी मिटलेल्या असतात आणि हॉटेलं कुठली आहेत तेही ठाऊक झालेलं असतं. ते येतात ते थेट तुमच्या डोक्यावर.

आकड्यांत बघू. दोन वर्षांत जागा ४० वरून १२० झाल्या. ८० नवे आले, त्यांतले ६० तुमच्यापेक्षा सीनियर आणि २० ज्युनियर. पहिल्या चाळिसांतलं कोणी हललं नाही असं धरलं तर तुम्ही आता ३८ अधिक ६०, म्हणजे ९८वे. टक्क्यांत ९५ वरून ८२ वर आलात. ताफा तिप्पट झाला, तरी तुम्ही रिझर्व्हच्याच आसपास. उलट ८० पैकी २० सीनियर आणि ६० ज्युनियर आले असते तर तुम्ही १२० मध्ये ५८वे असता आणि पक्की लाइन हातात असती. ताफा तोच, वाढ तीच. फरक एवढाच की लोक तुमच्या वर आले की खाली.

म्हणून अंदाज बांधताना हे तीन प्रश्न विचारा. तुमच्यापेक्षा वरचे किती जण आज आपापल्या विमानावर सुखात आहेत, आणि त्यांचं सुख संपण्याची काही चिन्हं आहेत का? जुनं मोठं विमान निवृत्त होणार असेल तर त्यावरचे सगळे कुठेतरी जाणारच, आणि ते बहुधा नव्या मोठ्या विमानाकडे येतील. दुसरा प्रश्न निवृत्तीचा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणासाठी वयाची मर्यादा ६५ आहे, त्यामुळे मुख्य यादीवरच्या जन्मतारखांवरून पुढच्या पाच वर्षांत तुमच्या वरून किती जण जाणार हे चांगलं मोजता येतं. पण ही मर्यादा हलू शकते, हे विसरू नका. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये ती ६० वरून ६५ झाली, आणि खालच्यांना ज्या जागा वर्षभरात मोकळ्या होतील असं वाटत होतं त्या पुढे गेल्या. तिसरा प्रश्न विलीनीकरणाचा. दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र झाल्या की तुमचा सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागतो. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचं विलीनीकरण २००५ मध्ये झालं, पण वैमानिकांच्या याद्या कशा जोडायच्या यावरचा वाद कित्येक वर्षं चालला.

पाचवी पायरी: पैशाचा हिशेब तासाच्या दरावर संपत नाही

आजचा तुमचा दर ताशी १०० धरू. सीनियर असल्यामुळे तुम्ही महिन्याला ८८ तास जमवता. झाले ८,८००. नव्या विमानाचा दर १२०, म्हणजे वीस टक्के जास्त. पण तुम्ही रिझर्व्हवर असाल आणि पगाराची हमी ७५ तासांची असेल तर ९,०००. फरक फक्त २००, आणि त्या २०० साठी सुट्ट्यांवरचा हक्क गेला, फोन वाजेल म्हणून घरात बसणं आलं. बेस दुसऱ्या शहरात असेल तर तिथे राहण्याचा खर्च त्या २०० पेक्षा जास्त होईल.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पक्की लाइन मिळाली की त्याच दरात ८५ तास म्हणजे १०,२००, आणि लांबच्या फ्लाइट्समुळे महिन्यात कामावर जाण्याचे दिवस कमी. म्हणजे तुम्ही रिझर्व्हवर किती महिने काढणार, यावर सगळं ठरतं. चौथ्या पायरीचं उत्तर इथे भरा.

अजून एक तुलना करायलाच हवी: मोठ्या विमानाची उजवी (फर्स्ट ऑफिसरची) सीट की छोट्या विमानाची डावी (कॅप्टनची)? बऱ्याच जणांचा नंबर दोन्हींसाठी एकाच सुमारास लागतो. कॅप्टन म्हणून नोंदलेले तास पुढे कुठेही गेलात तरी तुमच्यासोबत येतात. लांब पल्ल्यावर जास्तीचा क्रू असतो, लँडिंग वाटून घ्यावी लागतात. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट पुरी करायला काही जणांना सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. माझं मत विचाराल तर वय आणि तब्येत साथ देत असेल, आणि दोन्ही जागा खरोखर हाताशी असतील, तर मी डावी सीट आधी घेईन. मोठी विमानं नंतरही येतात. पण कॅप्टन झाल्यावर तुम्ही कॅप्टनांच्या यादीत तळाला जाता, तिथेही रिझर्व्ह आहेच.

सहावी पायरी: पसंतीक्रम खरा लिहा

बिड भरताना डावपेच लढवणारे खूप. "पहिली पसंती मिळणार नाहीच, मग ती वर टाकून वाया कशाला घालवू?" हा गैरसमज आहे. संगणक नंबर १ पासून सुरू करतो. त्याच्या यादीतली सर्वांत वरची जी जागा मोकळी असेल ती त्याला देतो आणि नंबर २ कडे जातो. तुमच्यापर्यंत येतो तेव्हा तुमची यादी वरून खाली वाचतो. वरची जागा भरलेली असेल तर पुढची बघतो. न मिळणारी जागा वर टाकल्याने खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही, आणि तुमच्यापेक्षा ज्युनियर माणूस तुमच्याआधी ती घेऊ शकत नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहा.

यातून दोन नियम निघतात. जी जागा मिळाली तर रडू येईल ती यादीत अजिबात टाकू नका. "कशाला मिळतेय" म्हणून टाकलेली जागाच पदरात पडते. आणि जाहीर न झालेल्या पण हव्या असलेल्या जागाही लिहा. कोणी सीनियर नव्या विमानावर गेला की त्याची जुनी जागा मोकळी होते, आणि बऱ्याच कंपन्यांत तीच बिड पुन्हा वरून चालवून ती भरली जाते. नव्या विमानाच्या एका जागेमागे अशी तीन-चार जणांची साखळी हलते. कित्येकांना खरा फायदा नव्या विमानाचा होत नाही, या साखळीत मोकळ्या झालेल्या जागेचा होतो.

काही कंपन्यांत अट घालता येते: त्या छोट्या यादीत वरच्या ७० टक्क्यांत बसत असेन तरच मला ही जागा द्या. ही सोय असेल तर चौथ्या पायरीतला तुमचा आकडा इथे टाका. फक्त लक्षात ठेवा, ही टक्केवारी निकालाच्या दिवसाची असते. नंतर वर येणाऱ्या साठ जणांना ती अट अडवत नाही.

निकालानंतर

निकाल लागला म्हणजे लगेच विमान मिळालं असं नाही. नव्या टाइपची पहिली तुकडी बहुधा प्रशिक्षक आणि तपासणी वैमानिकांची (इतर वैमानिकांची चाचणी घेणाऱ्यांची) असते, आणि त्यांची निवड व्यवस्थापन करतं, सीनियॉरिटी तिथे चालत नाही. त्यानंतर तुमचा क्रम: वर्ग, साधा ट्रेनर, पूर्ण हालचालीचा सिम्युलेटर, चाचणी आणि मग प्रशिक्षकासोबत खऱ्या प्रवाशांची उड्डाणं.

पहिले शंभर तास जपून काढायचे असतात, आणि अमेरिकेतला नियमही हेच मानतो. चाचणीनंतर १२० दिवसांत त्या टाइपवर १०० तास पुरे करावे लागतात. फर्स्ट ऑफिसरचे १०० तास झालेले नसतील आणि कॅप्टन तपासणी वैमानिक नसेल, तर १५ नॉटपेक्षा जास्त आडवा वारा, ओली-बर्फाळ धावपट्टी किंवा कमी दृश्यमानता अशा वेळी टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं. नव्या कॅप्टनचे त्या टाइपवर १०० तास होईपर्यंत लँडिंगची किमान उंची (धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्याखाली उतरता येत नाही ती) १०० फुटांनी आणि दृश्यमानता अर्ध्या मैलाने वाढवली जाते. शिवाय कॉकपिटमधल्या दोघांपैकी एकाचे तरी त्या टाइपवर ७५ तास हवेत. नवा टाइप ताफ्यात येतो तेव्हा कोणाचेच तेवढे नसतात, म्हणून नियामक तात्पुरती सूट देऊ शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत या नियमांमुळे रोस्टर सारखं बदलतं. सीनियर असलात तरी हवी ती फ्लाइट हातून काढून घेतली जाऊ शकते, त्याबद्दल पैसे सुरक्षित राहतात का ते करारात आधीच बघून ठेवा.

आणि ताफा कमी झाला तर? छोट्या यादीत जो तळाला तो आधी बाहेर. मग तो मुख्य यादीतल्या नंबराच्या बळावर दुसऱ्या विमानावरच्या ज्युनियर माणसाला हलवतो. म्हणजे पुन्हा नवा टाइप, पुन्हा सिम्युलेटर, कदाचित पुन्हा लॉक. आपल्या उदाहरणातला ४० मधला ३८वा माणूस इथे सर्वांत आधी सापडतो. अशी सक्तीची बदली झाल्यावर लॉक लागतो की माफ होतो, आणि जुन्या जागेवर परतण्याचा हक्क किती काळ टिकतो, हे युनियनच्या करार समितीला लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर बिड भरू नका.

बिड पाठवल्यावर पोचपावतीचं पान जपून ठेवा, त्यावरची वेळ आणि पसंतीक्रम पुन्हा वाचा, आणि बंद व्हायच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघा की तुम्ही शेवटची जी दुरुस्ती केलीत तीच नोंदली गेली आहे.